बडोद्याचा करार आणि 2022 चं एक कलम

परदेशी शिष्यवृत्तीचे फॉर्म भरायचे दिवस आले की दोन-चार पोरं हमखास विचारतात, 'सर, विषय काय लिहू?' या प्रश्नाचं उत्तर देण्याआधी मला 1913 सालात जावंसं वाटतं. पोस्ट थोडी लांब आहे, पण वाचा.

4 जून 1913. बडोद्यात एक 22 वर्षांचा तरुण करारावर सही करतो. भीमराव रामजी आंबेडकर. वडील जाऊन चारच महिने झालेत. बी.ए.ला असताना सयाजीराव गायकवाडांकडून महिना 25 रुपये मिळायचे, तेही केळुसकर गुरुजींनी महाराजांपर्यंत शब्द टाकला म्हणून. (शिफारसपत्राची अडचण आजच्या पोरांनाच येते असं नाही. घरात पहिलाच शिकणारा असला की आपल्यासाठी शब्द टाकणारा माणूस आधी शोधावा लागतो.)

करार असा होता : महिना साडेअकरा पौंड, तीन वर्षं. नेमून दिलेल्या विषयांचा अभ्यास करायचा आणि परत येऊन दहा वर्षं बडोदा संस्थानाची नोकरी करायची. म्हणजे अटी तेव्हाही होत्या. संस्थानिकाचा पैसा होता, त्याला अधिकारी तयार करून हवे होते. त्यात गैर काही नाही.

जुलैमध्ये भीमराव न्यूयॉर्कला पोचले, कोलंबिया विद्यापीठात. आता तिथे त्यांनी लिहिलं काय, ते बघा. 1915 ला एम.ए.चा प्रबंध : प्राचीन भारतातला व्यापार. त्यानंतरचा मोठा प्रबंध : भारताचं राष्ट्रीय उत्पन्न. आणि 9 मे 1916 ला प्रा. गोल्डनवायझर यांच्या मानववंशशास्त्राच्या सेमिनारमध्ये वाचलेला निबंध, 'भारतातील जाती'. पुढच्याच वर्षी तो छापूनही आला. तिन्ही विषय भारताचेच! अमेरिकेत बसून अमेरिकेवर लिहा, असं त्यांना कोणी म्हटलं नाही.

पुढचं बऱ्याच जणांना माहीत आहे. लंडनला गेले, शिष्यवृत्तीची मुदत संपली, शिक्षण अर्धवट टाकून 1917 ला परतले. कराराप्रमाणे बडोद्यात रुजू झाले, पण शहरात राहायला कोणी जागा देईना. पारशी नाव सांगून एका धर्मशाळेत राहिले, तर अकराव्या दिवशी काठ्या घेऊन लोक दारात. दहा वर्षांची नोकरी काही दिवसांतच आटोपली. 1920 ला पुन्हा लंडन गाठलं ते स्वतःची बचत, शाहू महाराजांची मदत आणि नवल भथेना या मित्राकडून घेतलेलं कर्ज, यांच्या जोरावर. तरी बडोद्याचे उपकार ते विसरले नाहीत. ब्रिटिश भारतातल्या प्रांतिक अर्थव्यवस्थेवरचं 1925 चं पुस्तक त्यांनी सयाजीरावांनाच अर्पण केलं.

स्वतः यातून गेलेला माणूस व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात गेल्यावर काय करणार? ऑक्टोबर 1942 मध्ये बाबासाहेबांनी लिनलिथगोंना निवेदन दिलं. त्यानंतर अस्पृश्य विद्यार्थ्यांच्या शिक्षणासाठी सरकारने 3 लाख मंजूर केले, आणि त्यातून काही मुलं परदेशी गेली. स्वतंत्र भारत सरकारची राष्ट्रीय परदेशी शिष्यवृत्ती सुरू झाली 1954-55 ला. या योजनेची मुळं अशी थेट बाबासाहेबांपर्यंत जातात.

आणि याच योजनेच्या नियमांत 2022 मध्ये एक कलम आलं : भारतीय संस्कृती, वारसा, इतिहास किंवा भारतावरचा सामाजिक अभ्यास हे विषय चालणार नाहीत. बाजू अशी मांडली गेली की या विषयांची साधनं आणि जाणकार इथेच आहेत, त्यासाठी परदेशी कशाला? वरवर पटतंही. पैसा मर्यादित आहे, जागा 125. पण वरची यादी पुन्हा वाचा. प्राचीन भारतातला व्यापार : इतिहास, बाद. जातींवरचा निबंध : सामाजिक अभ्यास, बाद. राष्ट्रीय उत्पन्नावरचा प्रबंध अर्थशास्त्र म्हणून निसटला असता, तोही साहेबांच्या मर्जीवर.

साधनं इथे आहेत हे खरंच. साधनं 1916 मध्येही इथेच होती. पण जातीवर निबंध वाचणाऱ्या महार तरुणाचं शांतपणे ऐकून घेईल, असा वर्ग तेव्हा मुंबईत कुठे होता? ते टेबल न्यूयॉर्कला मिळालं.

2025 च्या जुलैत तर वेगळंच झालं. 106 जणांची निवड झाली, पण आधी पत्रं मिळाली 40 जणांनाच. उरलेल्या 66 जणांना सांगितलं गेलं, निधी असेल तर बघू. तिकडे विद्यापीठं काही आपल्या निधीसाठी थांबत नाहीत.

तर पोरांनो, 'विषय काय लिहू' याचं माझं उत्तर : फॉर्म भरताना कलम नीट वाचा, विषयाचं शीर्षक त्यात बसेल असं जपून लिहा आणि राज्याच्या राजर्षी शाहू शिष्यवृत्तीचाही अर्ज सोबत टाका. तुमचा खरा विषय मात्र वहीत लिहून ठेवा. आणि ते कलम काढा म्हणून मंत्रालयाला पत्र लिहायचं काम फॉर्म भरणाऱ्या पोरांचं नाही, आपलं मोठ्यांचं आहे. मी माझं पत्र या आठवड्यात टाकतोय. ज्यांना सही करायची असेल त्यांनी सांगा.