व्हेर्दीचे पाहुणे

निवृत्तिवेतनाच्या फायली हाताळणाऱ्या आमच्यासारख्या कारकुनाला म्हातारपण आकड्यांतूनच दिसते. जन्मतारीख, सेवेची वर्षे, अखेरचे वेतन एवढे टिपून झाले की फाईल पुढच्या मेजावर सरकते. त्या माणसाला काय येत होते, हे विचारणारा रकाना तीत नसतो. तो प्रश्न सव्वाशे वर्षांपूर्वी इटलीतील एका वृद्ध संगीतकाराला पडला आणि त्याचे उत्तर त्याने चक्क वास्तू उभारून दिले.

जुझेप्पे व्हेर्दी (१८१३–१९०१) हा एकोणिसाव्या शतकातील इटालियन ऑपेराचा अनभिषिक्त राजा. १८३२ साली मिलानच्या संगीतविद्यालयाने त्याला प्रवेश नाकारला. दहा वर्षांनी ‘नाबुक्को’ रंगभूमीवर आला आणि त्याच शहराने त्याला डोक्यावर घेतले. त्या प्रयोगातील प्रमुख गायिका जुझेप्पीना स्त्रेप्पोनी पुढे त्याची पत्नी झाली. तिचा आवाज मात्र ऐन तारुण्यातच खचला होता. गळा गेलेल्या कलावंताचे दुःख म्हणजे काय, हे कळण्यासाठी व्हेर्दीला घराबाहेर जावे लागले नसेल.

रंगभूमीचा व्यवहार निष्ठुर असतो. गळा आणि बोटे चालतात तोवर बिदागी. ती थकली की मागे ना घर, ना संचित. अशा संगीतकारांसाठी व्हेर्दीने १८८९ साली मिलानमध्ये जमीन घेतली. आराखडा केला कामिल्लो बोइतो या स्थापत्यकाराने. व्हेर्दीच्या ‘ओतेल्लो’ आणि ‘फाल्स्ताफ’ या ऑपेरांची संहिता लिहिणारा आर्रीगो बोइतो हा त्याचाच भाऊ. १८९६ ते १८९९ या काळात बांधकाम पुरे झाले. स्त्रेप्पोनी मात्र १८९७ सालीच निवर्तली होती.

घर तयार झाले, तरी व्हेर्दीने ते आपल्या हयातीत उघडू दिले नाही. कोणी दारी येऊन आभार मानावेत, हे त्याला नको होते. जानेवारी १९०१ मध्ये तो वारला. पुढच्याच महिन्यात पतिपत्नींचे देह या वास्तूतील समाधिस्थानी आणले गेले, तेव्हा आर्तुरो तोस्कानिनी याच्या नेतृत्वाखाली सुमारे आठशे कंठांनी ‘नाबुक्को’तील समूहगीत गाइले. १० ऑक्टोबर १९०२ रोजी पहिले रहिवासी आत आले. त्यांचा खर्च व्हेर्दीच्या ऑपेरांच्या स्वामित्वधनातून चाले. प्रेक्षक नाट्यगृहात तिकीट काढीत आणि त्यातला वाटा येथील ताटात पडे.

अन्नवस्त्र तर अनेक धर्मादाय संस्था देतात. येथील विशेष निराळा आहे. राहणाऱ्यांना आश्रित म्हणावयाचे नाही, पाहुणे म्हणावयाचे, असा व्हेर्दीचा आग्रह सांगितला जातो. शिवाय घरात संगीतसभेचे दालन आहे, पियानो आहेत आणि, सर्वांत मोलाचे म्हणजे, चुकलेला सूर ओळखणारा शेजारी आहे. डॅनियल श्मिड या स्विस दिग्दर्शकाने १९८४ साली या घरावर ‘तोस्काचे चुंबन’ हा चित्रपट केला. त्यात एके काळी रंगमंच गाजविलेली वृद्ध मंडळी घरातल्या घरात आपापल्या भूमिका पुन्हा उभ्या करतात. आवाज कापतो, पण पवित्रा चुकत नाही. विसाव्या शतकाच्या अखेरीपासून संगीताचे तरुण विद्यार्थीही तेथे राहू लागले. म्हाताऱ्यांना श्रोते मिळाले आणि मुलांना पुस्तकात न सापडणारे गुरू.

आपल्याकडे महाराष्ट्र शासन वृद्ध साहित्यिक-कलावंतांना मानधन देते, ही समाधानाची गोष्ट आहे. मानधनातून औषध येते, शिधा येतो. परंतु तंबोरा जुळवून बसल्यावर समोर कोण, या प्रश्नाचे उत्तर मनिऑर्डरीने पाठविता येत नाही. आपल्या साऱ्या कृतींत हे घर आपल्याला सर्वांत प्रिय, असे व्हेर्दीने एका मित्राला कळविले होते. त्याचे मर्म येथे उमगते.

परमुलखात बदलीवर राहणाऱ्या आपणांपैकी बहुतेकांचा कोणत्या ना कोणत्या महाराष्ट्र मंडळाशी संबंध असतो. तेथे गणेशोत्सवात मागच्या रांगेत शाल पांघरून बसलेले एखादे आजोबा असतात. मुलाच्या घरी राहावयास आलेले, येथील भाषा न येणारे. त्यांना आपण चहा देतो, खुर्ची देतो. तरुणपणी ते पेटी वाजवीत किंवा नाटकात काम करीत, हे मात्र विचारावयाचे राहून जाते. यंदा कार्यक्रमपत्रिका छापण्यापूर्वी तेवढे विचारावे.