चिकटवहीचं माहेर

डिजिटल स्क्रॅपबुकचं पान बारा इंच लांब आणि बारा इंच रुंद असतं. छपाईसाठी इंचाला ३०० ठिपके धरले की ३६०० बाय ३६०० पिक्सेल. हे पान सजवणारी बाई (बहुतेक बाईच असते) घरातल्या टेबलाशी बसून काम करते. पानाचा 'कागद' एका फाइलीत, कडा दुसऱ्या फाइलीत, रिबिनी, बटणं, सुकी फुलं आणखी कुठल्यातरी. या साऱ्या गठ्ठ्याला धंद्यात 'किट' म्हणतात. रिबीन खरी नसते, बटणही खरं नसतं. बटणाखालची हलकी सावलीसुद्धा मुद्दाम पाडलेली असते, म्हणजे ते कागदावर चिकटवल्यासारखं वाटावं.

अशा किटांच्या बाजारात 'वारली' हा शब्द टाकून शोधलं की पांढऱ्या रेषेची माणसं रांगेनं हजर होतात. तारपा हे वाद्य फुंकणारा, त्याच्याभोवती वळत गेलेला नाचणाऱ्यांचा फेर, ताडावर चढलेला गडी, हंडे घेऊन निघालेल्या बाया, बैलगाडी. बाळाच्या बारशाच्या फोटोभोवती लावा, नव्या फ्लॅटच्या वास्तुशांतीला लावा, जव्हारच्या जयविलास राजवाड्यासमोर काढलेल्या जोडप्याच्या फोटोखाली लावा. कुठेही बसतात. या माणसांचा माग काढत गेलं की वाट एकच राहत नाही, तिला दोन फाटे फुटतात. एक फाटा खळीचा, दुसरा तांदळाच्या पिठाचा.

आधी खळीचा. स्क्रॅपबुकला आपण चिकटवही म्हणतो आणि मला हा शब्द इंग्रजी शब्दापेक्षा आवडतो. इंग्रजीनं नाव ठेवलं ते तुकड्यांवरून, आपण ठेवलं चिकटवण्यावरून. शाळेत आम्ही 'वाहतुकीची साधने' आणि 'थोर नेते' अशा चिकटवह्या केल्या. गव्हाच्या पिठाची खळ आई स्टोव्हवर शिजवून द्यायची. जास्त लावली की पान पापडासारखं उचलायचं, आणि पुढच्या पावसाळ्यापर्यंत थोर नेत्यांना झुरळं लागायची. आईची स्वतःची कात्रणवही वेगळी होती. तिच्यात विणकामाचे नमुने, लोणच्यांची प्रमाणं आणि एका मासिकातली रांगोळी. त्या वहीवर नाव कुणाचंच नव्हतं. घरात तिला 'ती जाड वही' म्हणत.

युरोपात एकोणिसाव्या शतकात जर्मन छापखान्यांनी रंगीत शिळाछपाईचे छोटे छोटे तुकडे विकायला काढले. गुलाब, देवदूत, मांजरीची पिल्लं, काठाकाठानं आधीच कापलेली आणि जराशी उठावदार. घरच्या मुलीबाळींनी ती वहीत चिकटवायची. म्हणजे आजचं किट तेव्हाच तयार झालं होतं. सजवायचं घरी, पण सजावटीचा माल कारखान्यातून आणायचा. मार्क ट्वेननं तर १८७३मध्ये आधीच डिंक लावलेल्या पानांच्या वहीचं पेटंट घेतलं. पान ओलं करायचं आणि कात्रण दाबायचं. खळीचा पसारा त्यालाही नकोसा झाला असणार.

हीच जर्मन शिळाछपाई १८९४च्या सुमारास गिरगावात आली. राजा रविवर्म्याचा छापखाना. पुढे तो लोणावळ्याजवळ मळवलीला हलला आणि फ्रिट्झ श्लायकर या जर्मन तंत्रज्ञानं तो विकत घेतला. लक्ष्मी, सरस्वती, दमयंती स्वस्तात घरोघरी पोचल्या. घरातल्या बायकांनी काय केलं? चित्र फ्रेम करण्याआधी लक्ष्मीच्या साडीवर खरं कापड चिकटवलं, पदराला जर लावली, दागिन्यांच्या जागी टिकल्या आणि मणी बसवले. अशी मढवलेली चित्रं आज संग्राहक जपून ठेवतात. छापखान्याचं नाव खाली कोपऱ्यात छापलेलं सापडतं. टिकल्या कुणी लावल्या ते नाही. माझ्या हिशेबात आपल्याकडची पहिली स्क्रॅपबुक डिझायनर हीच. तिला कुणी पैसे देत नव्हतं आणि ती याला काम म्हणत नव्हती.

पुढची हकिकत झटकन सांगून टाकते. १९८०मध्ये सॉल्ट लेक सिटीच्या एका परिषदेत युटामधल्या मॅरिलेन ख्रिस्टेन्सन या गृहिणीनं आपल्या कुटुंबाचे अल्बम मांडले. कुळाच्या नोंदी ठेवणं हे तिथल्या मॉर्मन पंथाच्या समाजात धर्मकर्तव्य. लोकांनी ते पाहिले आणि अमेरिकेत चिकटवहीचा धंदा पुन्हा उभा राहिला. कागद, कात्र्या, ठसे, दुकानं, मासिकं. दरम्यान संगणकानं कात्री आणि डिंकाचे शब्द आधीच उचलले होते. 'कट' आणि 'पेस्ट' सत्तरच्या दशकात झेरॉक्सच्या प्रयोगशाळेत पडद्यावर आले, ते छापखान्यातल्या खऱ्या कात्री-डिंकावरून. १९८४च्या मॅकिंटॉशमध्ये तर 'स्क्रॅपबुक' नावाची एक छोटी सोयच होती. आपल्याकडे मराठी वृत्तपत्रांच्या कचेऱ्यांत त्या काळात ब्रोमाइडच्या पट्ट्या कापून पानं 'पेस्ट' होत होती. पेस्टिंग करणाऱ्याच्या बोटांना रबर सोल्युशनचा वास असे. संगणक आला आणि त्याची नोकरी गेली, शब्द मात्र राहिला.

महाराष्ट्रात पानं सजवण्याचं हे काम घरात शिरलं ते मात्र अमेरिकेच्या वाटेनं नाही. ते आलं लग्नाच्या अल्बमातून. काळ्या जाड पानांचा, मधे जाळीदार बटरपेपर घातलेला, कोपऱ्यांत फोटो खोचायचा अल्बम गेला आणि 'करिझ्मा' आला. बारा बाय छत्तीस इंचांची दुहेरी पानं, सगळं आधी पडद्यावर मांडायचं आणि मग लॅबमधून छापून आणायचं. तालुक्याच्या गावातला फोटोग्राफर लग्न काढतो, पण फोटोशॉपवर बसायला त्याला वेळ नसतो. मग पेनड्राइव्ह, नाहीतर ड्राइव्हची लिंक, घरी काम करणाऱ्या डिझायनरकडे जाते. तिच्याजवळ डीव्हीडीवर विकत मिळालेल्या पीएसडी, म्हणजे फोटोशॉपच्या, फाइलींचा साठा असतो. मोर, कमळं, ढग, हृदयं, पॅरिसचा मनोरा. नवरीभोवतालची बाकीची माणसं काढून टाकण्याला ती 'कटिंग' म्हणते. हाती कात्री नाही, तरी शब्द तोच. मोबदला शीटवर, म्हणजे दर दुहेरी पानावर. मे महिन्यात लग्नं दाट, तेव्हा रात्री दोन-दोनपर्यंत शीट. पावसाळ्यात काम नाही, आणि जव्हारसारख्या डोंगरावरच्या गावात पावसाळ्यात वीजही भरवशाची नाही. अल्बमवर सोनेरी अक्षरांत स्टुडिओचं नाव उठतं. शीट मांडणारीचं नाव टाकायची जागाच त्या अल्बमला नसते.

या पीएसडींच्या गठ्ठ्यात कुठेतरी वारली फेर पडलेला असतो. आता दुसरा फाटा, तांदळाच्या पिठाचा, जव्हारकडे जाणारा.

जव्हार हे मुकण्यांचं संस्थान. १९४८मध्ये ते मुंबई राज्यात विलीन झालं, ठाणे जिल्ह्यात गेलं आणि १ ऑगस्ट २०१४ला पालघर जिल्हा झाला तेव्हा तिकडे आलं. वारली, कोकणा, ठाकूर, महादेव कोळी, कातकरी यांचा हा मुलूख. इथे रेल्वे नाही. भात निघालं की दिवाळीनंतर मोखाड्या-जव्हारची कितीतरी कुटुंबं वीटभट्ट्यांवर उतरतात, ती पावसाच्या तोंडावर परत येतात. 'घरबसल्या काम' हा शब्द अशा ठिकाणी विचित्र वाटतो, कारण इथे काम म्हणजे घर सोडून जाणं.

कागद आणि खळ मात्र इथे परकी नाहीत. मोखाड्याचा बोहाडा, म्हणजे जगदंबेचा उत्सव, मुखवट्यांचा. गणपती येतो, मोरावर बसलेली सरस्वती येते, मग संबळाच्या तालावर एकामागून एक देव-दैत्य रात्रभर नाचतात. हे मुखवटे लाकडाचे असतात तसे कागदाच्या लगद्याचेही. रद्दीचा कागद आणि खळ यांतून रावण उभा करणारे कारागीर जव्हारच्या खेड्यांत आहेत. तुकडे चिकटवून काही घडवणं, ही चिकटवहीची व्याख्या मानली तर ही इथली सर्वांत मोठी चिकटवही, फक्त तोंडावर बांधायची.

पण किटातली पांढरी माणसं बोहाड्यातून आलेली नाहीत. ती आली लग्नाच्या चौकातून.

वारल्यांच्या घरात लग्न निघालं की आतल्या भिंतीवर शेणमातीचा हात फिरतो, वर गेरू. तांदूळ वाटून पिठाचं पाणी करतात. बांबूची काडी घ्यायची आणि तिचं टोक चावून कुंचल्यासारखं करायचं. चौक काढतात त्या सवाशिणी. नवरा हयात असलेल्या बायकांचा तो मान. लग्न लावणारी धवलेरीही बाईच, ती गाते. मोठ्या चौकोनाच्या मधोमध पालघट देवी, भोवती त्रिकोणांच्या, साखळ्यांच्या, ठिपक्यांच्या काठांवर काठ. आसपास सूर्य, चंद्र, फणी, शिडी, घोड्यावरची नवरा-नवरी. शेजारी छोट्या चौकात पाच डोक्यांचा पंचशिऱ्या. झाडं, प्राणी आणि माणसं चौकाच्या बाहेर, उरलेल्या भिंतीवर.

मधे मुख्य आकृती, भोवती नक्षीचा काठ, मोकळ्या जागेत छोटे छोटे तुकडे. बारा बाय बाराच्या पानाची रचना हुबेहूब हीच. इथवर आलं की जिभेवर एक वाक्य येतं: जगातल्या पहिल्या स्क्रॅपबुक डिझायनर या जव्हार-डहाणूच्या सवाशिणी! मीही ते एकदा लिहून पाहिलं आणि खोडलं. चिकटवही असते ती झालेलं सांभाळायला. चौक असतो तो व्हायचं ते घडवायला. पालघट आल्याशिवाय लग्न लागत नाही, म्हणून तिला जागा करून द्यायची. लग्न उरकलं की चौक कुणी जपत बसत नाही. चुलीच्या धुरानं तो काळवंडतो, पिठाचा पापुद्रा सुटतो, पुढच्या सारवणाखाली तो जातो. पुढचं लग्न आलं की पुन्हा नवा.

मग तो कागदावर आला कसा? भास्कर कुलकर्णी नावाचे चित्रकार. १९६६-६७च्या बिहारच्या दुष्काळात हस्तकलांचं काम पाहणाऱ्या पुपुल जयकरांनी त्यांना मिथिलेत पाठवलं, तिथल्या बायकांना कागद देऊन भिंतीवरचं चित्र विकता येण्याजोगं करायला. तीच युक्ती घेऊन ते सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला डहाणूकडे, गंजाडला आले. इथे त्यांना जिव्या सोमा मशे भेटले. मशे पुरुष असून रोज चित्रं काढायचे, लग्नाची वाट न पाहता. १९७५मध्ये मुंबईच्या केमोल्ड गॅलरीत त्यांचं प्रदर्शन झालं, १९७६मध्ये राष्ट्रीय पुरस्कार, २०११मध्ये पद्मश्री. २०१८मध्ये ते गेले. त्यांच्या चित्रातलं मासेमारीचं जाळं जवळून पाहावं, एकेक रेघ कंप पावते. त्यांच्या मागून अनेक पुरुष चित्रकार झाले, बायकाही झाल्या.

या एका उडीत तीन गोष्टी बदलल्या. पिठाच्या जागी पांढरा पोस्टर कलर आला. चित्राखाली सही आली. आणि देवी मागे राहिली. पालघट विधीची, तिला बाजारात कशी न्यायची? पण चौकाबाहेरची माणसं, त्यांना कुणाची आडकाठी नव्हती. फेर, शेत, जंगल, शिकार भिंतीवरून उतरून चालू लागली आणि पुढे साडीवर, कपावर, कॉर्पोरेट भेटवस्तूंवर गेली. २०१०च्या दिवाळीत कोका-कोलाच्या जाहिरातीतही आली. २०१४मध्ये आदिवासी युवा सेवा संघाच्या खटपटीनं वारली चित्रकलेला भौगोलिक मानांकन मिळालं. मानांकनानं नाव राखता येतं. टोकाला टोक लावून दोन त्रिकोण काढले की माणूस होतो, तो काढायला मात्र कुणाला बंदी करता येत नाही.

आणि संगणकाला हा माणूस फार सोयीचा. एक रंग, सपाट, छटा नाहीत, सावल्या नाहीत. मधुबनीची बारीक रेघोटी छोटी केली की चिखल होतो. वारली माणूस नखाएवढा केला तरी नाचतो. अवघ्या काही बिंदूंत त्याची फाइल बसते. फक्त काडीची रेघ त्या फाइलीत येत नाही, पीठ संपत आलं की पातळ होणारी आणि काडी पुन्हा बुडवली की ठळक उठणारी. हातानं काढलेल्या फेरात माणसं आतल्या टोकाकडे बारीक होत जातात, कुणी मागे वळून बघतं, कुणाचा पाय जरा जास्त उचललेला. किटातला फेर ओळखायला सोपा: एकच नाचणारी चोवीस वेळा चिकटवलेली असते आणि सगळ्यांचा डावा पाय एकाच कोनात.

डिजिटल स्क्रॅपबुकच्या दुनियेत श्रेय देण्याची रीत कडक आहे, हे सांगायला हवं. पान लोकांना दाखवताना कागद कुणाच्या किटातला, अक्षर कुणाचं, रिबीन कुणाची, याची यादी खाली द्यायची असते. किटाबरोबर अटींची फाइल येते: घरगुती वापर, व्यावसायिक वापर, पुढे विकू नये. घरी बसून काम करणाऱ्या बायकांनी एकमेकींची कमाई राखायला घालून घेतलेली ही शिस्त, आणि ती मला मनापासून पटते. लक्ष्मीच्या पदराला टिकल्या लावणारीला हे कधी मिळालं नाही. वारली किटाच्या अटींतही नाव असतं ते फाइल बनवणारीचं.

पालघटचं काय झालं, हे बघायला मी त्या किटांमध्ये खूप हुडकलं. देवी सापडली नाही, तिचा काठ सापडला. 'वारली फ्रेम' नावानं तो विकायला असतो. चारी बाजूंनी त्रिकोणांच्या ओळी, साखळ्या, कोपऱ्यात सूर्य, कोपऱ्यात चंद्र, बेताचं सगळं. फाइल उघडली की मधोमध राखाडी-पांढऱ्या बारीक चौकटी दिसतात. इथे काही नाही, असं सांगायची फोटोशॉपची ती खूण. तिथे आपला फोटो टाकायचा.