तबकडीवर नाव नसलेला ट्रम्पेट

२ जानेवारी १९४३ च्या पहाटे मुरबाड तालुक्यातल्या सिद्धगडावर पोलिसांची धाड पडली आणि गोळीबारात स्वातंत्र्यसैनिक भाई कोतवाल व हिराजी पाटील यांना हौतात्म्य आलं. त्याआधीचे काही महिने कोतवालांच्या ‘आझाद दस्ता’ या भूमिगत पथकाने विजेचे मनोरे पाडायचा सपाटा लावला होता. खोपोली आणि भिवपुरीच्या केंद्रांतली वीज थेट मुंबईत जायची. गिरण्या तिच्यावर, लोकल तिच्यावर, बड्या हॉटेलांतल्या नाचघरांचा झगमगाट तिच्यावर. तारांखालच्या वाड्यापाड्यांत मात्र तिन्हीसांजेला रॉकेलची चिमणी पेटे. अशा गावात कुणाकडे गाण्याचं यंत्र असलंच, तर ते चावी भरून चालवायचं.

मुंबईच्या जॅझचा जो आवाज आज जुन्या तबकड्यांतून कानी पडतो, त्याच्या घडणीत या दोन्ही टोकांचा हात आहे. तबकडी मुद्रित झाली विजेवर; वाजली, आणि झिजलीही, बऱ्याचदा चावीवर.

जॅझची पहिली तबकडी अमेरिकेत निघाली १९१७ मध्ये, ‘ओरिजिनल डिक्सिलँड जॅस बँड’ची. तेव्हा मायक्रोफोन नव्हता. वादकांनी एका मोठ्या कर्ण्यासमोर दाटीवाटीने उभं राहून वाजवायचं, आणि हवेच्या धक्क्याने सुई मेणावर चर कोरायची. ढोलाचा मोठा ठोका पडला की सुई उडे, म्हणून ढोल जवळपास वर्ज्यच. १९२३ साली किंग ऑलिव्हरच्या बँडचं मुद्रण चालू असताना तरुण लुई आर्मस्ट्राँगला इतरांपासून बराच लांब उभं केलं होतं, कारण त्याच्या फुंकीपुढे बाकीचे ऐकूच येईनात. १९२५ मध्ये विजेवरचं मुद्रण आलं आणि चित्र पालटलं. कर्ण्याची मजल साधारण दोन-अडीच हजार हर्ट्‌झपर्यंत. मायक्रोफोन पाच हजारांच्या आसपास पोचला. झांजेची किणकिण आणि बासची घुमक पहिल्यांदाच तबकडीवर उतरली.

मुंबईत जॅझ खऱ्या अर्थाने रुजला तो त्यानंतरच. १९३५ मध्ये व्हायोलिनवादक लिऑन ॲबी आपला कृष्णवर्णीय अमेरिकन वादकांचा बँड घेऊन ताजमहाल हॉटेलात आला. त्याच्या पाठोपाठ क्रिकेट स्मिथ हा ट्रम्पेटवादक आणि टेडी वेदरफर्ड हा पियानोवादक आले. १९३६ मध्ये स्मिथच्या ‘सिम्फोनियन्स’ने मुंबईत रेक्स या लेबलसाठी काही तबकड्या केल्या. मेना सिलास याने रचलेला ‘ताजमहाल फॉक्सट्रॉट’ त्यातलाच. नरेश फर्नांडिस यांनी मुंबईच्या जॅझवर २०१२ साली पुस्तक काढलं, तेव्हा त्याला याच तबकडीचं नाव दिलं. वेदरफर्ड पुढे कलकत्त्यात स्थिरावला आणि १९४५ मध्ये तिथेच पटकीने गेला.

या पाहुण्यांच्या शेजारी बसून शिकले ते गोव्याचे वादक. पोर्तुगीज अमदानीत चर्चच्या शाळांतून मुलांना व्हायोलिन आणि नोटेशन वाचन शिकवलं जाई, त्यामुळे समोर कागद ठेवला की वाजवायला लागायचं ही त्यांची तयारी लहानपणापासूनची. हळदोण्याचा आंतोनिओ झेवियर वाझ मुंबईत ‘चिक चॉकलेट’ झाला; त्याला हिंदुस्थानचा लुई आर्मस्ट्राँग म्हणत. सगळेच काही गोव्याचे नव्हते. सॅक्सोफोन गाजवणारा रुडी कॉटन हा मूळचा पारशी, कावसजी खटाव.

दुसऱ्या महायुद्धाने तबकडीच्याच मुळावर घाव घातला. मिनिटाला ७८ फेऱ्यांची तबकडी बनायची लाख, दगडाची भुकटी, काजळी आणि सुताचे तंतू यांच्या मिश्रणातून, आणि जगाला लाख पुरवणारा मुख्य देश हिंदुस्थान. समुद्रवाटा धोक्यात आल्यावर एप्रिल १९४२ मध्ये अमेरिकन सरकारने तबकड्यांसाठीचा लाखेचा वापर ७० टक्क्यांनी कमी करायचा हुकूम काढला. छोटा नागपूरच्या जंगलातली लाख न्यूयॉर्कच्या जॅझवाल्यांना नडली ती अशी.

मुंबईच्या जॅझवाल्यांवर संकट आलं ते स्वातंत्र्यानंतर, दारूबंदीच्या रूपाने. १९४९ च्या मुंबई दारूबंदी कायद्यानंतर नाचघरांची रया गेली आणि वादकांनी मोर्चा वळवला सिनेमाकडे. तिथे त्यांची गरज होतीच. पुणतांब्याचे सी. रामचंद्र चाल बांधायचे आणि तिला ब्रासचा साज चढवायला चिक चॉकलेट सोबत असायचा. ‘समाधी’ (१९५०), ‘अलबेला’ (१९५१), ‘आशा’ (१९५७) या चित्रपटांची गाणी ऐकावीत: ट्रम्पेटचे छोटे-छोटे फवारे, सॅक्सोफोनची एकत्र फिरणारी रांग, मागे झुलणारा ठेका. भगवानदादांच्या ‘अलबेला’त तर चिक आणि त्याचा बँड पडद्यावरच दिसतो. मुंबईच्या जॅझचा मोठा साठा आज जॅझ म्हणून निघालेल्या मोजक्या तबकड्यांत नाही. तो हिंदी सिनेगीतांच्या हजारो तबकड्यांत विखुरलेला आहे.

अडचण इथेच सुरू होते.

अशी एखादी तबकडी हातात घेऊन पाहावी. वजनाला भारी, काळी, कडेला बोटाला किंचित खरखरीत लागणारी. मधल्या लेबलवर कुत्रा आणि कर्णा, चित्रपटाचं नाव, गायक, संगीतकार, क्वचित कवी. लेबलाच्या बाहेर, गाणं संपतं त्या गुळगुळीत पट्ट्यात, साच्याचा क्रमांक उमटलेला. बस्स. ट्रम्पेट कोणी वाजवला, सॅक्सोफोन कोणाचा, ड्रमवर कोण बसलं, वाद्यमेळ कोणी लिहिला, यातलं एक अक्षरही तिथे नसतं. १९०२ साली हिंदुस्थानातल्या पहिल्या मुद्रणांच्या वेळी गौहर जान गाणं संपताच स्वतःचं नाव पुकारायची. तबकड्या छापायच्या जर्मनीत, तिथल्या कारागिरांना गायिका कोण ते कळावं म्हणून. पन्नास वर्षांनंतरच्या वादकाला तेवढीही सोय नव्हती.

म्हणजे वादक ओळखायचा तर कानाने. फुंक सुरू होतानाची धार, स्वर धरून मग थरथरवण्याची खोड, म्यूट लावल्यावरचा नाकातला आवाज, हीच त्याची सही. म्हणूनच संग्राहक मंडळी ध्वनीच्या दर्जावर तासन्‌तास वाद घालतात. बाहेरच्याला तो हौशी लोकांचा काथ्याकूट वाटतो. प्रत्यक्षात वाद चाललेला असतो पुराव्याबद्दल.

पहिला वाद वेगाचा. ‘७८’ हा आकडा पुढे ठरला. सुरुवातीच्या तबकड्या ७० पासून ८२ फेऱ्यांपर्यंत कशाही कापलेल्या असत. वेग सहा टक्क्यांनी वाढला की सूर अर्ध्या स्वराने चढतो, आणि भरदार ट्रम्पेट चिरका होतो. दुसरा वाद सुईचा. ७८ च्या तबकडीचा चर एलपीच्या चरापेक्षा जवळपास तिप्पट रुंद. एलपीची सुई त्यात घातली तर ती तळाशी लोळते आणि तिथली धूळ तेवढी वाजवते. मग ऐकणारा म्हणतो, जुन्या तबकड्यांचा आवाज वाईटच. तिसरा वाद झिजेचा, आणि तो आपल्याला परत चावीच्या ग्रामोफोनकडे नेतो.

त्या यंत्रात सुई धरणाऱ्या साउंडबॉक्सचं वजन शंभर ग्रॅमच्या वर, सगळं पोलादी सुईच्या टोकावर. एक सुई एकदाच वापरा, अशी सूचना सुयांच्या डबीवर असायची. पण तालुक्याच्या बाजारातून आणलेली डबी महिनोन्‌महिने पुरवायची तर ही सूचना पाळणार कोण? बोथट सुई सर्वात जास्त इजा करते ती मोठ्या आवाजाच्या जागी, कारण तिथे चर सर्वाधिक वळणं घेतो. गायिकेचा मध्यम स्वर बराचसा शाबूत राहतो आणि ट्रम्पेट उसळी घेतो नेमकी तीच जागा फाटते. उपाय आहे. वेगवेगळ्या जाडीच्या हिऱ्याच्या सुया लावून पाहायच्या. एखादी चराच्या भिंतीवर थोडी वर किंवा खाली टेकते, जिथे पोलादी सुई कधी पोचलीच नव्हती, आणि फाटलेला स्वर पुष्कळसा सांधला जातो.

वीज नसलेल्या, चावीच्याच यंत्रावर ऐकणाऱ्या गावांमुळेच ७८ ची तबकडी आपल्याकडे इतकी टिकली. अमेरिकेत एलपी १९४८ ला आली. भारतात साठच्या दशकातही ७८ निघत होत्या, बीटल्सच्यासुद्धा. त्या भारतीय ‘बीटल्स ७८’ वर आज परदेशी संग्राहक चांगले पैसे मोजतात.

संग्राहकांची मुंबईतली पंढरी म्हणजे चोर बाजाराची मटण स्ट्रीट. पण गोळा करणं वेगळं आणि नोंदी ठेवणं वेगळं. ते दुसरं काम नेटाने झालं १९९० नंतर, ‘सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स’ मुंबईत सुरू झाल्यावर. सुरेश चांदवणकर हे टाटा मूलभूत संशोधन संस्थेतले शास्त्रज्ञ तिचे खंदे कार्यकर्ते. ऑस्ट्रेलियाचे सूचीकार मायकेल किनियर हेही संस्थापकांपैकी. ‘द रेकॉर्ड न्यूज’ या सोसायटीच्या नियतकालिकाने तबकड्यांचे क्रमांक, लेबलं, कलावंत यांची टिपणं वर्षानुवर्षं छापली.

आजचा वाद ‘साफ’ करण्याचा. संगणकावर खरखर पुसता येते; पण खरखर आणि ब्रशने घासलेली झांज एकाच उंचीच्या कंपनसंख्येत राहतात. एक पुसली की दुसरीही जाते, आणि ट्रम्पेटच्या फुंकीची धार बोथट होते. वर ‘झंकार बीट्स’ नावाचा नवा ठेका चढवलेल्या आवृत्त्या ऐकून तर मूळचा ड्रमवाला कोण होता हे ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही. मधला मार्ग सोपा आहे: आधी न पुसलेली प्रत जपून ठेवावी, मग कानाला सुखावणारी दुसरी हवी तर करावी. जो दुसरीच ठेवतो आणि पहिली फेकतो, तो पुरावा नष्ट करतो.

मुरबाड-शहापूरकडच्या घरांत काय, किंवा गिरगाव-दादरच्या चाळींत काय, माळ्यावर जुन्या तबकड्या सापडल्या तर त्या भंगारात किलोवर घालू नका. स्पिरिटने पुसू नका. लाख स्पिरिटमध्ये विरघळते. लेबल कोरडं ठेवून साध्या पाण्याने, अगदी थोड्या सौम्य साबणाने धुवा, सावलीत वाळवा, एकावर एक न रचता उभ्या ठेवा. वाजवायच्या आधी लेबल आणि साच्याचा क्रमांक उतरवून घ्या. आणि घरात कुणी बँडमध्ये किंवा सिनेमाच्या वाद्यवृंदात वाजवणारं होऊन गेलं असेल, तर त्यांचं नाव, वाद्य आणि आठवत असतील ती गाणी याच कागदावर लिहा. तबकडीवर ती नावं नाहीत.