मेडशिंगीचे नाव

नांदेडजवळ, गोदावरीच्या काठी विष्णुपुरी आहे. तेथील धरण पाहण्यास मी माघात गेलो होतो. परतताना माळावर एक निष्पर्ण झाड दिसले. फांद्यांना वीतभर लांबीच्या चपट्या, वाकड्या शेंगा लोंबत होत्या. सोबतचे मास्तर म्हणाले, शिरीष. मी म्हणालो, बहावा. आपण दोघेही चुकतो आहोत, हे दोघांनाही कळत होते.

जवळच एक म्हातारी शेळ्या राखीत बसली होती. तिला विचारले. ती हसून म्हणाली, "मेडशिंगी हाय ती, लेकरा. शेंग बघ की, मेंढ्याच्या शिंगावानी!" पन्नाशी उलटलेला मी, लेकरू होऊन पाहतच राहिलो.

घरी येऊन पुस्तक उघडले. शास्त्रीय नावातला दुसरा शब्द 'फाल्काटा', म्हणजे विळ्यासारखी. लॅटिन जाणणाऱ्या पंडिताला जेथे विळा दिसला, तेथे आमच्या लोकांना मेंढ्याचे शिंग दिसले. शेंग एकच!

मग पुस्तकांचा इतिहास धुंडाळण्याचा नाद लागला. पुण्याच्या विज्ञान महाविद्यालयाचे एके काळचे प्राचार्य थिओडोर कुक यांनी मुंबई इलाख्याच्या वनस्पतींचा मोठा ग्रंथ १९०१ ते १९०८ या काळात प्रसिद्ध केला. परंतु मराठवाडा तेव्हा निजामाच्या राज्यात, इलाख्याच्या सीमेबाहेर. झाडांना सरहद्द ठाऊक नसते, ग्रंथांना असते! १७ सप्टेंबर १९४८ रोजी निजामी राजवट संपली. त्यानंतर बरोबर पन्नास वर्षांनी, १९९८ साली, औरंगाबादचे वनस्पतिशास्त्रज्ञ वसंत नारायण नाईक यांचा मराठवाड्याच्या वनस्पतींवरील द्विखंडी ग्रंथ निघाला. त्या पन्नास वर्षांतही माळावरच्या माणसांची कधी अडचण झाली नाही. त्यांना नावे पाठ होती.

थोर ग्रंथकारांनीही अशाच माणसांना विचारले आहे. कोचीचा डच अधिकारी व्हान रीड याने मलबारच्या वनस्पतींचा बारा खंडांचा ग्रंथ सिद्ध केला. त्याला झाडे ओळखून दिली ती इट्टी अच्युतन या वैद्याने आणि रंग भट, विनायक पंडित व अप्पू भट या तिघा कोंकणी ब्राह्मणांनी. त्या तिघांचे कोंकणी भाषेतले, देवनागरी लिपीतले प्रमाणपत्र, दिनांक २० एप्रिल १६७५ चे, ॲम्स्टरडॅमला १६७८ साली निघालेल्या पहिल्या खंडात जसेच्या तसे छापले आहे. परदेशी अधिकाऱ्याने सांगणाऱ्यांची नावे राखली म्हणून साडेतीनशे वर्षांनी ती आपण घेऊ शकतो.

आणि मी? वहीत झाडाचे मराठी नाव लिहिले, लॅटिन नाव लिहिले, तिथी लिहिली. म्हातारीचे नाव विचारायचे मात्र राहून गेले. पुढे पावसाळ्यात मुद्दाम विष्णुपुरीला गेलो. मेडशिंगी पानांनी भरली होती. म्हातारी भेटली नाही. कोणाची म्हणून विचारावी, हेही मला सांगता येईना.

वाचकहो, दिवाळीला मुलेबाळे गावी येतील. त्यांना आजीबरोबर बांधावर पाठवा. एखादे अनोळखी झाड दिसले तर त्याचे नाव वहीत उतरवू द्या, आणि त्याच्या शेजारी ते सांगणाऱ्याचेही.