झाशीची जागा, १९७७

२०२५ च्या ऑक्टोबरात न्यू जर्सीहून भाच्याचा फोन आला. अमेरिकेचे केंद्र सरकार त्या वेळी ठप्प होते. आरोग्यविम्याच्या हप्त्यावर सरकार जे वाढीव साहाय्य देत असे, त्याची मुदत वर्षअखेरीस संपणार होती. ती वाढवून मिळाल्याखेरीज खर्चाच्या विधेयकाला मत देणार नाही, असा डेमोक्रॅटिक पक्षाचा पवित्रा होता. आधी सरकार सुरू होऊ द्या, मग बोलू, असे रिपब्लिकन पक्षाचे म्हणणे होते. १ ऑक्टोबर ते १२ नोव्हेंबर असे ४३ दिवस हे चालले. भाचा म्हणाला, "मामा, इथे दर दोन वर्षांनी याच विषयावर निवडणूक होते. तुमच्याकडे आरोग्यावरून कधी सरकार पडलंय का?"

मी "नाही" म्हणालो. फोन ठेवल्यावर उत्तर चुकल्याचे लक्षात आले. नोकरीनिमित्त माझा मुक्काम झाशीत आहे, आणि एकदा तरी आरोग्यखात्याच्या कारभाराने सत्तांतराला मोठा हातभार लावला, त्याची एक बाजू याच शहराच्या इतिहासात दडलेली आहे.

झाशी म्हटले की मराठी मनापुढे राणी लक्ष्मीबाई उभी राहते आणि आपला इतिहास १८५८ पाशी थांबतो. वस्तुतः नेवाळकरांच्या काळात इथे आलेली मराठी माणसे पुढेही टिकून राहिली. १९५२ च्या पहिल्या लोकसभेत झाशीहून गेलेले रघुनाथ विनायक धुळेकर हे त्यांच्यापैकीच. (संविधान सभेत हिंदुस्थानी भाषेचा सर्वांत कडवा आग्रह धरणाऱ्यांत हे मराठी आडनावाचे गृहस्थ होते, ही एक गंमतच.) १९५७ साली मात्र ही जागा डॉ. सुशीला नय्यर यांच्याकडे आली व १९६२ आणि १९६७ मध्येही त्यांच्याकडेच राहिली.

सुशीलाबेन पंजाबच्या, पण आपल्याला परक्या नाहीत. गांधीजींचे चिटणीस प्यारेलाल यांच्या त्या भगिनी. सेवाग्रामला त्या गांधीजींच्या वैद्यकीय मदतनीस होत्या आणि पुण्याच्या आगाखान पॅलेसमधील बंदिवासातही गांधीजी व कस्तुरबांबरोबर होत्या. पुढे अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात त्यांनी सार्वजनिक आरोग्याचे शिक्षण घेतले आणि १९६२ ते १९६७ या काळात त्या केंद्रीय आरोग्यमंत्री होत्या. झाशीचे महाराणी लक्ष्मीबाई वैद्यकीय महाविद्यालय १९६८ चे. सेवाग्रामचे, त्यांनी स्वतः उभे केलेले, १९६९ चे. एक त्यांच्या मतदारसंघात आणि दुसरे वर्ध्याजवळच्या खेड्यात.

त्यांच्या हाती आलेल्या खात्याचा मूळ आराखडाही एका महाराष्ट्रात जन्मलेल्या माणसाचा होता. सर जोसेफ भोर हे जन्माने नाशिकचे, शिक्षण पुण्याच्या बिशप्स आणि डेक्कन कॉलेजात, पेशाने आयसीएस. त्यांच्या समितीने १९४६ मध्ये अहवाल दिला. पैसे देण्याची ऐपत नाही म्हणून कोणी उपचारावाचून राहू नये, हे त्यातले मुख्य सूत्र. काळ लक्षात घेण्याजोगा आहे. १९४५ च्या नोव्हेंबरात अमेरिकेचे अध्यक्ष ट्रुमन यांनी राष्ट्रीय आरोग्यविम्याची योजना काँग्रेसपुढे मांडली होती. तेथील डॉक्टरांच्या संघटनेने ती 'समाजवादी वैद्यक' म्हणून हाणून पाडली. वृद्धांपुरता विमा, म्हणजे मेडिकेअर, मिळायला १९६५ उजाडले, आणि अध्यक्ष जॉन्सन यांनी त्या कायद्यावर सही ट्रुमन यांच्या गावी जाऊन, त्यांच्या समक्ष केली.

आपल्याकडे भोर अहवालाला कोणी हाणून पाडले नाही. विरोधच झाला नाही. सर्व पक्षांना तो मान्य होता, म्हणून त्यावर कोणी बोलले नाही, आणि कोणी बोलले नाही म्हणून त्याला पुरेसा पैसाही मिळाला नाही. १९५२ पासून प्राथमिक आरोग्य केंद्रे उघडली खरी, पण समितीने मागितलेल्या मनुष्यबळाच्या आणि खाटांच्या कितीतरी मागे. त्यात आरोग्य हा राज्यांचा विषय. दिल्लीने योजना आखावी आणि लखनौने किंवा मुंबईने पदे भरावीत. अर्थसंकल्पाच्या बैठकांत मी बराच काळ घालवला आहे. ज्या बाबीवर कोणी भांडत नाही, त्या बाबीला कात्री सर्वांत आधी लागते. अमेरिकन भांडणाला आपण हसतो, पण भांडण होते याचा अर्थ त्या रकमेला कोणीतरी वाली आहे.

लोकसंख्या-नियंत्रणाचे मात्र वेगळे झाले. त्याला पैसाही मिळाला आणि उद्दिष्टेही. एप्रिल १९७६ मध्ये राष्ट्रीय लोकसंख्या धोरण जाहीर झाले. आणीबाणी चालू होती. केंद्राने उत्तर प्रदेशाला त्या वर्षासाठी ४ लाख नसबंदी शस्त्रक्रियांचे उद्दिष्ट दिले. राज्याने ते आपणहून १५ लाखांवर नेले. शिक्षक, तलाठ्याच्या दर्जाचे लेखपाल, आरोग्यसेवक, प्रत्येकाच्या नावावर आकडा लिहिला गेला आणि तो न गाठणाऱ्यांचे वेतन रोखण्याचे आदेश निघाले. ऑक्टोबरात मुझफ्फरनगरला गोळीबार झाला. देशभरात त्या वर्षी सुमारे ८२ लाख ६० हजार शस्त्रक्रिया झाल्या, त्यांपैकी ६२ लाख पुरुषांच्या. पुढे शाह आयोगाने १,७७४ मृत्यूंची आणि अविवाहितांवर शस्त्रक्रिया झाल्याच्या ५४८ तक्रारींची नोंद केली.

महाराष्ट्राने यात हात झटकू नयेत. तीन अपत्यांनंतर नसबंदी सक्तीची करणारे विधेयक १९७६ मध्ये मंजूर करणारे विधिमंडळ आपलेच. राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही म्हणून तो कायदा झाला नाही, एवढेच. र. धों. कर्वे यांनी हयातभर लोकांना समजावून सांगण्याचा मार्ग धरला, त्यांच्याच प्रांतात हे घडावे याचे मला आजही आश्चर्य वाटते.

योगायोग असा की, १९७५ मध्ये चार्ल्स गुडहार्ट या ब्रिटिश अर्थतज्ज्ञाने चलनधोरणाच्या संदर्भात मांडले होते की, नियंत्रणासाठी एखाद्या आकड्यावर दाब दिला की त्या आकड्याची विश्वासार्हता कोलमडते. तो बँकांबद्दल बोलत होता. इथे आकडा म्हणजे माणसे होती.

सुशीलाबेन या सगळ्यात कुठे होत्या? सत्तेबाहेर. १९६९ साली काँग्रेस दुभंगल्यावर त्यांनी इंदिराजींपासून फारकत घेतली आणि १९७१ च्या लाटेत झाशीची जागा गेली. मार्च १९७७ मध्ये त्या जनता पक्षातर्फे पुन्हा झाशीतून उभ्या राहिल्या. आता चित्र पाहा. आरोग्यखात्याच्या धाकाने उत्तर भारतातील खेडी हादरलेली, आणि त्या खात्याची एकेकाळची मंत्री, तीही डॉक्टर, सरकारच्या विरोधात मते मागत आहे. ज्या लूपचा देशव्यापी कार्यक्रम १९६५ मध्ये सुरू झाला, तो त्यांच्याच कारकिर्दीतला. कृत्रिम साधने नाकारणाऱ्या गांधीजींच्या शिष्येला तेव्हा ते कसे पचले असेल, हा निराळाच विषय. १९७७ मध्ये त्या निवडून आल्या. उत्तर प्रदेशातील ८५ पैकी एकही जागा काँग्रेसला मिळाली नाही. दक्षिणेत, जिथे सक्तीचा असा कहर नव्हता, तिथे तो पक्ष टिकला. मतदार आणीबाणीतल्या इतरही अनेक गोष्टींवर रागावले होते हे खरे. पण नकाशावर नसबंदीची सक्ती आणि काँग्रेसचा पराभव शेजारी-शेजारी दिसतात.

आरोग्यमंत्री मात्र झाले राजनारायण, ज्यांनी रायबरेलीत इंदिराजींना हरविले. राजकारणात बक्षीस असेच ठरते. त्यांच्या काळात 'कुटुंब नियोजन' हे नाव बदलून 'कुटुंब कल्याण' झाले, आणि २ ऑक्टोबर १९७७ पासून गावातल्याच माणसाला थोडे शिक्षण देऊन आरोग्यसेवक नेमण्याची योजना सुरू झाली. तिचा मसुदा आधीच्या राजवटीत, १९७५ च्या श्रीवास्तव समितीने केलेला होता. १९८० मध्ये काँग्रेस परतली, तिने योजना मोडली नाही. 'सेवका'चा 'स्वयंसेवक' आणि मग 'ग्राम आरोग्य मार्गदर्शक' झाला. 'कुटुंब कल्याण' हे नावही तसेच राहिले. सुशीलाबेन त्या लोकसभेनंतर राजकारणातून बाजूला होऊन सेवाग्रामच्या कामात रमल्या आणि २००१ मध्ये गेल्या.

अमेरिकेत पराभवाचा परिणाम उलट झाला. ओबामांचा कायदा मार्च २०१० मध्ये प्रतिनिधिगृहात २१९ विरुद्ध २१२ मतांनी, एकाही रिपब्लिकन मताविना संमत झाला, आणि त्याच नोव्हेंबरात त्यांच्या पक्षाने ६३ जागा गमावल्या. तरी विषय कोणी सोडला नाही. २०१७ मध्ये तो कायदा रद्द करण्याचा प्रयत्न सिनेटमध्ये ५१ विरुद्ध ४९ असा, मॅककेन यांच्यासह तीन रिपब्लिकन सदस्यांच्या मतांमुळे फसला, आणि २०१८ मध्ये त्याच विषयाचा गजर करीत डेमोक्रॅट पक्षाने प्रतिनिधिगृह परत घेतले. अलीकडे आपल्याकडेही थोडे तसे दिसू लागले आहे. २०१८ च्या आयुष्मान भारत विम्यापासून दिल्ली आणि ओडिशा बाजूला राहिले, आणि तिथली सरकारे बदलल्यावर २०२५ मध्ये सामील झाले; गरिबांसाठीच्या मेडिकेड योजनेचा विस्तार अमेरिकेतील काही राज्ये वर्षानुवर्षे नाकारत आली, तसेच हे. योजनेच्या कार्डावर कोणाचे नाव आणि छायाचित्र असावे यावर आपल्याकडे वाद पुष्कळ होतो. रुग्णालयात डॉक्टर असावा की नाही, यावर कमी.

१९७७ पासून आपल्या पक्षांनी मात्र एकच धडा घेतला, आणि तो सर्वांनी मिळून घेतला: पुरुषांच्या नसबंदीचे नावही काढायचे नाही. १९७७-७८ मध्ये एकूण शस्त्रक्रिया साडेनऊ लाखांच्या आसपास उतरल्या, पुरुषांच्या दोन लाखांहूनही कमी झाल्या. एकूण संख्या पुढे वाढली, पुरुषांची कधीच सावरली नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार विवाहित स्त्रियांपैकी ३७.९ टक्के स्त्रियांची शस्त्रक्रिया झालेली होती आणि ०.३ टक्के स्त्रियांच्या पतींची. वास्तविक पुरुषांची शस्त्रक्रिया लहान, कमी जोखमीची आणि काही मिनिटांत आटोपणारी. पण पुरुषांच्या रागाने सरकार पडते हे सर्वांनी पाहिले होते. स्त्रियांच्या सोसण्याने पडल्याचे कोणी पाहिले नव्हते.

हे सगळे मी भाच्याला नंतर पत्रातून कळविले. त्याने विचारले, मग आता तिथे काय चालते? त्याला उत्तर म्हणून मी गेल्या थंडीत पाहिलेले लिहिले. झाशीपासून तासाभराच्या अंतरावरील आरोग्य केंद्रात शस्त्रक्रियेचे शिबिर होते. आत गाद्यांवर शेजारी-शेजारी बायका निजलेल्या, अंगावर घरून आणलेल्या रजया. बाहेर उन्हात त्यांचे नवरे तान्ह्या मुलांना खांद्यावर घेऊन येरझारा घालीत होते. नोंदवहीत त्या दिवशीची नावे लिहिली होती. पुरुषांसाठी वेगळा रकाना आखलेला होता. तो वरपासून खालपर्यंत कोरा होता.