कपाळाचं नाक आणि गुडघ्याची गादी

माझ्या भाच्याचा गुडघा तालमीत मुरगळला. शेक, तेल, पट्टी सगळं झालं, तरी चालता चालता गुडघा अडकायचा. शेवटी इथे नगरमध्ये डॉक्टरांना दाखवलं. ते म्हणाले, ‘हाडावरच्या गादीचा टवका उडालाय. त्याच्याच गुडघ्याच्या कडेची, जिथे भार पडत नाही तिथली चांगली गादी काढून या खड्ड्यात बसवू.’ बहीण घाबरली. ‘बरं करायचं म्हणून आणखी एक जखम?’ मला मात्र पुण्यातलं एक जुनं नाक आठवलं.

लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’मध्ये ऑक्टोबर १७९४ ला एक पत्र छापून आलं. त्यात कावसजी नावाच्या माणसाची हकिकत आहे. हा कंपनीच्या फौजेत बैल हाकायचा. १७९२ च्या लढाईत टिपूच्या कैदेत सापडला, तिथे त्याचं नाक आणि एक हात कापला गेला. टिपूचं हे कृत्य वाचताना माझी मान खाली जाते. तेव्हा अशा शिक्षा इतरही दरबारांत होत्या, असं म्हणून ती वर येत नाही. वर्षभर कावसजी बिननाकाचा राहिला. मग पुण्याजवळ विटा पाडणाऱ्या जातीतल्या एका माणसाने त्याला नाक बसवून दिलं.

कसं? मेणाचा पातळ पत्रा नाकाच्या मापाचा केला, तो कपाळावर ठेवून भोवती रेघ ओढली आणि तेवढी कातडी सोडवली. पण सगळी नाही. दोन भुवयांमध्ये एक चिंचोळी पट्टी तशीच जोडलेली ठेवली. कातडी पिळून खाली आणली, नाकाच्या ताज्या केलेल्या कडांत बसवली. वर पाण्यात कालवलेल्या काताच्या चिंध्या, चार दिवसांनी तुपात भिजवलेलं कापड. नवी जागा जीव धरेपर्यंत रक्त त्या पट्टीतून येत राहिलं. सुमारे पंचविसाव्या दिवशी पट्टी कापली. सुश्रुतसंहितेत गालाच्या कातडीची रीत आहे, इथे कपाळाची वापरली. १८१४ मध्ये लंडनला कार्प्यू नावाच्या सर्जनने ही पुण्याची रीत करून पाहिली. जेम्स वेल्स या चित्रकाराने काढलेलं कावसजीचं चित्र आहे, पाहणाऱ्या इंग्रज डॉक्टरांची नावं आहेत. ज्याच्या हातांनी हे केलं, त्याचं नाव कोणी लिहून ठेवलं नाही.

मग गुडघ्याला एवढी वर्षं का लागली? कारण गुडघ्याच्या गादीत रक्तवाहिन्याच नाहीत. सांध्यातल्या वंगणावर ती जगते. कातडी कापली की रक्त धावून येतं, इथे कोणी येत नाही. गेलेली गादी परत येत नाही, हे विल्यम हंटरने १७४३ मध्येच लिहून ठेवलं होतं. भुवयांमधली ती पट्टी इथे कामाची नव्हती.

१९८७ मध्ये स्वीडनच्या गोथेनबर्ग शहरात लार्स पीटरसन यांनी वेगळी वाट काढली. रोग्याच्याच गादीचा लहानसा तुकडा काढायचा, त्यातल्या पेशी प्रयोगशाळेत काही आठवडे वाढवायच्या, मग नडगीच्या हाडावरचं पातळ आवरण त्या खड्ड्यावर शिवून खाली पेशी सोडायच्या. पहिल्या २३ रोग्यांचा वृत्तान्त ऑक्टोबर १९९४ मध्ये छापून आला. पुण्याच्या नाकाची हकिकत छापून आल्यानंतर बरोबर दोनशे वर्षांनी! खड्डा लहान असेल तर पेशी न वाढवता हाडासकट बारीक खुंट्या काढून ठोकतात. हंगेरीच्या हंगोडींनी १९९२ पासून ही रीत चालवली. भाच्याचं तेच करायचं ठरलं.

मीही गुडघा पुढे केला. हल्ली मशिदीत खुर्चीवर बसून नमाज पढतो. डॉक्टर हसले, ‘साहेब, खड्डा बुजवता येतो. तुमचा रस्ताच उखडलाय.’ साठीकडे झुकलेल्या झिजल्या गुडघ्याला हा उपाय नाही. तरुणाच्या एका ठिकाणच्या जखमेला तो आहे, हे त्यांनी स्पष्ट सांगितलं ते बरं झालं.

ऑपरेशन झालं. सहा आठवडे त्या पायावर भार द्यायचा नव्हता. आता तो भिंतीला धरून गुडघा वाकवतो, बहीण शेजारी बसून मोजते. तालीम कधी, हे विचारायला अजून कोणी धजावत नाही.