कुत्र्याने अडविलेला चेंडू

खेळाचे नियम हा इतिहासकाराने मनावर घेण्याचा विषय नव्हे, अशी सर्वसाधारण समजूत आहे. परंतु मनुष्य दैवाकडे कोणत्या दृष्टीने पाहतो हे जाणून घ्यावयाचे असेल, तर गोल्फच्या खेळातील एका लहानशा नियमाचा इतिहास अवश्य चाळावा, असे आम्ही सुचवू. प्रश्न अगदी साधा आहे. खेळाडूने मारलेला चेंडू धावत असता मध्येच एखादे जनावर आडवे आले आणि त्याला लागून चेंडू थांबला किंवा भलतीकडे गेला, तर पुढे काय करावे? खेळाडूचा काही अपराध नाही; जनावराला तर अपराधी म्हणताच येत नाही. मग नुकसान सोसावे कोणी?

ह्या प्रश्नाचे पहिले लेखी उत्तर 1744 सालचे आहे. त्या वर्षी एडिंबरो नगराच्या कारभाऱ्यांनी तेथील गोल्फ खेळणाऱ्या सद्गृहस्थांना चांदीची एक काठी स्पर्धेसाठी दिली, आणि स्पर्धा म्हटली की नियम आले. शेजारच्या लीथ येथील माळावर हे लोक खेळत. त्यांनी तेरा कलमे लिहून काढली. गोल्फचे उपलब्ध असलेले हेच सर्वांत जुने नियम होत. त्यांतील दहावे कलम आपल्या प्रश्नाचे आहे. माणूस, घोडा, कुत्रा वा अन्य कशानेही चेंडू अडला, तर तो जेथे पडला असेल तेथूनच खेळावा, असा त्याचा आशय आहे. घोडा आणि कुत्रा यांची नावे त्या कलमात उगीच आली नाहीत. लीथचा माळ सार्वजनिक होता. त्यावर खेळाडूंचा जितका हक्क, तितकाच येणाऱ्याजाणाऱ्यांचा आणि त्यांच्या जनावरांचा. आपण जगाच्या वाटेवर खेळत आहोत. जग आपल्यासाठी थांबणार नाही, ही जाणीव त्या एका वाक्यात आहे.

ह्या तेरा कलमांखाली जॉन रॅट्रे यांची सही आहे. ते एडिंबरोचे शस्त्रवैद्य. चांदीची काठी त्यांनीच पहिल्या वर्षी जिंकली व पुढच्या वर्षीही जिंकली. त्याच 1745 साली स्कॉटलंडात राजपुत्र चार्ल्स स्ट्युअर्ट याने बंडाचे निशाण उभारले. प्रेस्टनपॅन्सच्या लढाईतील जखमींच्या शुश्रूषेसाठी रॅट्रे गेले आणि बंडखोरांच्या सैन्याबरोबरच पुढे ओढले गेले. 1746 च्या एप्रिलात कलोडनच्या माळावर बंडाचा चुराडा झाला व रॅट्रे कैद झाले. त्यांच्यासाठी रदबदली केली ती डंकन फोर्ब्स यांनी. फोर्ब्स हे स्कॉटलंडच्या श्रेष्ठ दिवाणी न्यायालयाचे प्रमुख, सरकारपक्षाचे खंदे पुरस्कर्ते; परंतु लीथच्या माळावरचे खेळगडीही होते. रॅट्रे सुटले. चेंडू जेथे पडेल तेथूनच खेळावा, असा नियम मान्य करणाऱ्या गृहस्थाला दोनच वर्षांत तो नियम स्वतःच्या आयुष्याला लागू करावा लागला, हे पाहून मन क्षणभर थबकते.

1754 साली सेंट अँड्रूज येथील खेळाडूंनी जवळजवळ हीच कलमे स्वीकारली. पण तेथे जनावरांनी चेंडूच नव्हे, सारे मैदानच अडविले. कर्जबाजारी झालेल्या नगरसभेने 1797 साली माळावरील आपला हक्क सोडला आणि लवकरच तो सशांच्या पैदाशीसाठी व्यापाऱ्यांच्या हाती गेला. सशांनी बिळांनी जमीन पोखरली. खेळाडू व व्यापारी यांच्यात मारामाऱ्या झाल्या, खटले चालले. अखेर 1821 साली जेम्स चीप नावाच्या जमीनदाराने ती जमीन विकत घेऊन खेळ वाचविला. ह्या झगड्याच्या भरात, 1812 साली, सेंट अँड्रूजच्या नियमांत एक नवे वचन आले. चेंडूला अपघाताने जे काही होईल ते ‘रब ऑफ द ग्रीन’ समजावे! ह्याला आपण ‘मैदानाचा योग’ म्हणू. लीथच्या कलमात केवळ आज्ञा होती. येथे त्या आज्ञेमागील तत्त्वाला नाव मिळाले.

पुढे खेळ जगभर पसरला, बक्षिसे मोठी झाली आणि योग मुकाट्याने सोसण्याची वृत्ती थोडी मवाळ झाली. 1952 साली ब्रिटन व अमेरिका येथील नियामक संस्थांनी एकच संहिता मान्य केली, तीच फेरफारांसह आज चालते. 2019 साली ती नव्याने लिहिली गेली तेव्हा ‘रब ऑफ द ग्रीन’ हे शब्द गळाले. तत्त्व मात्र राहिले. मोकळ्या मैदानात धावता चेंडू कुत्र्याला लागला तर आजही तो पडेल तेथूनच खेळावा लागतो. परंतु खळग्याभोवतालच्या कातरलेल्या हिरवळीवरून मारलेला चेंडू जनावराला लागला, तर तो फटका रद्द होतो व चेंडू पूर्वस्थळी ठेवून पुन्हा मारावा लागतो. ह्या अपवादालाही अपवाद आहे. 2023 च्या दुरुस्तीप्रमाणे मुंगी वा भुंगा आडवा आला तर फटका कायम! शिवाय माणसाने हेतुपुरस्सर चेंडू अडविला तर त्याला वेगळा नियम आहे. जनावराच्या ठायी हेतू कधीच मानलेला नाही.

स्थिर चेंडूची गोष्ट निराळी. 1998 साली अमेरिकेतील सॉग्रास येथील मोठ्या स्पर्धेत पाण्याने वेढलेल्या हिरवळीवर विसावलेला एक चेंडू समुद्रपक्ष्याने चोचीत उचलला आणि पाण्यात टाकला. खेळाडूने विनादंड दुसरा चेंडू मूळ जागी ठेवला. हा भेद आम्हांला फार अर्थपूर्ण वाटतो. विसावलेल्या चेंडूला स्वतःचे स्थान असते आणि हिरावलेले स्थान न्यायाला परत देता येते. धावत्या चेंडूजवळ असते ती केवळ शक्यता. तो कोठे पोचला असता हे कोण सांगणार? मिळविलेले परत करणे न्यायाच्या हाती आहे. मिळू शकले असते ते परत करणे नाही.

कलकत्त्याच्या रॉयल गोल्फ क्लबाची स्थापना 1829 ची. ब्रिटिश बेटांबाहेरचा हा सर्वांत जुना क्लब. तेथे माकडे चेंडू पळवीत, म्हणून ‘माकड टाकील तेथून खेळावे’ असा नियम करावा लागला, अशी एक आख्यायिका आपल्याकडे मोठ्या आवडीने सांगतात. पडलेला चेंडू माकडाने उचलला तर आजच्या संहितेप्रमाणे तो मूळ जागी ठेवावयास हवा. तेव्हा आख्यायिका कायद्याला धरून नाही. तरीही ती लोकांच्या तोंडी टिकली. लीथच्या त्या जुन्या कलमातील शहाणपण माणसाला मनोमन पटलेले असते, हेच त्याचे कारण असावे. जे परत मिळणे शक्य असेल ते न्यायाने मागावे. जे शक्य नसेल त्यासाठी कुत्र्यावर काठी उगारू नये. चेंडू जेथे पडला असेल तेथे चालत जावे आणि पुढचा फटका नीट मारावा.